कुठला चेंडू केवढा आणि किती जड?

टप्पेटोणपे

मंडळी, माळा आवरायला काढला आणि एका खोक्यात घरातले सगळे जुने चेंडू सापडले. मुलांचे, माझे, भाचरं विसरून गेलेले. टाकून द्यायचे म्हणून खाली आणले आणि तिथेच फसलो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, शिवणकामाची टेप आणि एक पुठ्ठा घेऊन अख्खी दुपार घालवली.

पुठ्ठ्याचं काम असं. कर्कटकात दोन सेंटिमीटर घेऊन वर्तुळ काढलं, ब्लेडने कापलं आणि कडा काचपेपरने घासत बसलो. टेबल टेनिसचा चेंडू हलकेच दाबला की पलीकडे पडेल इतपत भोक झाल्यावर थांबलो. मग त्या भोकाला एकेक गिऱ्हाईक लावून बघितलं. गोल्फचा चेंडू अर्ध्यात अडकून बसला. स्क्वॉशचा काळा चेंडू मात्र सुळकन पार! नियमांत शोधलं तर दोन्ही ४० मिलिमीटर व्यासाचेच. आता काटा: टेबल टेनिसचा ठेवला तर आधी ० दाखवलं, मग बऱ्याच विचारांती ३ (माझा काटा ग्रॅमच्या खाली उतरत नाही, अधिकृत वजन २.७ ग्रॅम). स्क्वॉशचा २४. एकाच भोकातून जाणारे दोघे, आणि एक दुसऱ्याच्या नऊपट जड.

बाकीचे, जसे हाताला लागले तसे:

सीझन बॉल (शिवण उसवलेला): २२.६ सेंमी, १५८ ग्रॅम
टेनिस: ६.६ सेंमी, ५७ ग्रॅम
फुटबॉल, ५ नंबर: ६८.५ सेंमी, ४२६ ग्रॅम
व्हॉलीबॉल: ६६ सेंमी, २७१ ग्रॅम
बास्केटबॉल, ७ नंबर: ७५.५ सेंमी, ६०२ ग्रॅम
गोल्फ: ४.३ सेंमी, ४६ ग्रॅम
हॉकी: २३ सेंमी, १५९ ग्रॅम

आकाराने रांग लावली की एक क्रम येतो, वजनाने लावली की भलताच. व्हॉलीबॉल दिसायला फुटबॉलएवढा, पण दीडशे ग्रॅमनी हलका. गोल्फचा मुठीत लपतो आणि वजनात टेनिसच्या चेंडूशी बरोबरी करायला जातो. मग तुलना करायची ती नेमकी कशाने? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सव्वाशेर

वाखुसा (वाचनखूण साठवली). स्क्वॉशचं खरंच माहीत नव्हतं.

अर्धवट_इंजिनियर

टप्पेभाऊ, आधी एक दुरुस्ती. तुमच्या यादीत काही आकडे परिघाचे आहेत आणि काही व्यासाचे. नाहीतर टेनिसचा चेंडू ६.६ आणि सीझन बॉल २२.६ म्हणजे तिप्पट मोठा असं वाचणाऱ्याला वाटायचं. चूक तुमची एकट्याची नाही, नियमांची पुस्तकंच तशी आहेत. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, व्हॉलीबॉल परिघात सांगतात. टेनिस, टेबल टेनिस, गोल्फ, स्नूकर व्यासात. चामडं शिवून केलेल्या किंवा फुगवलेल्या चेंडूभोवती टेप गुंडाळणं सोपं. छोट्या कडक चेंडूला कडीतून जातो का ते बघणं सोपं, म्हणजे तुमच्या पुठ्ठ्याचाच प्रकार.

सगळं व्यासावर आणायचं तर परिघाला ३.१४ ने भागा. सीझन बॉलचा परीघ नियमाने २२.४ ते २२.९, म्हणजे व्यास ७.१३ ते ७.२९ सेंमी. टेनिसचा ६.५४ ते ६.८६. दोघांत फरक सरासरी अर्ध्या सेंटिमीटरचा! वजनात मात्र १५५.९ ते १६३ ग्रॅम विरुद्ध ५६ ते ५९.४. म्हणजे पावणेतीनपट. डोळ्याला जवळपास सारखे आणि नडगीवर बसल्यावर अजिबात सारखे नाहीत.

बास्केटबॉलचा व्यास असाच काढलात तर २४ सेंमी येतो. रिंगचा आतला व्यास ४५. म्हणजे दोन चेंडू शेजारीशेजारी जेमतेम तीन सेंटिमीटरनी अडतात. टीव्हीवर बघताना रिंग किती चिंचोळी वाटते, आणि तरी आमच्या हातून का जात नाही हा वेगळा धागा.

लेगकटर

क्रिकेटच्या चेंडूचं वजन हा माझा आवडता विषय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

१७४४ च्या नियमांत चेंडू ५ ते ६ औंसांचा असावा एवढंच होतं. १७७४ मध्ये ते साडेपाच ते पावणेसहा औंस असं आवळलं, आणि पुरुषांच्या खेळात आजही तेच आहे. अडीचशे वर्षं! ग्रॅममधले ते विचित्र १५५.९ त्यामुळेच, साडेपाच औंसांचं ते रूपांतर आहे. आकाराची अट बरीच नंतर, १८३८ मध्ये आली: परीघ ९ ते सव्वानऊ इंच. १९२७ मध्ये तो घटवून ८ पूर्णांक १३/१६ ते ९ इंच केला. म्हणजे वजन तेच ठेवून चेंडू किंचित लहान केला, गोलंदाजाची बोटं जरा नीट बसावीत इतपत.

आता गंमत बघा. बेसबॉलचा परीघ आजही ९ ते सव्वानऊ इंच आहे, क्रिकेटने १९२७ मध्ये सोडलेला आकडा जसाच्या तसा. वजन मात्र ५ ते सव्वापाच औंस, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम. तेव्हा बेसबॉल हा सीझन बॉलपेक्षा थोडा मोठा आणि थोडा हलका. आत रबर-बुचाची गोळी, वर लोकरीच्या सुताची गुंडाळी, त्यावर चामडं आणि १०८ दुहेरी टाके.

हॉकीचा तर सरळ सख्खा भाऊच. १५६ ते १६३ ग्रॅम, परीघ २२.४ ते २३.५ सेंमी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात हॉकी खेळायला क्रिकेटचाच चेंडू घेतला, तिथून हे वजन चिकटलं ते आजवर. शिवण गेली, चामडं गेलं, प्लॅस्टिक आलं. वजन सुटलं नाही.

उंटावरचा_शहाणा

एवढी चर्चा कशाला? सगळ्यात जड गोळाफेकीचा गोळा, ७.२६ किलो. सगळ्यात हलका टेबल टेनिसचा. धागा बंद करा.

मधली_फळी

लेगकटर, माहिती छान, पण "क्रिकेटचा चेंडू" म्हणताना तुम्ही फक्त पुरुषांचा धरलात. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम, परीघ २१ ते २२.५ सेंमी. तेरा वर्षांखालच्या मुलांचा आणखी हलका, १३३ ते १४४. हे तिन्ही आकडे नियमांत एकाच ठिकाणी लिहिलेले आहेत, तरी लोकांना दुसरा आणि तिसरा माहीत नसतो.

मी दोन्ही चेंडूंनी खेळले आहे. फरक पंधरा ग्रॅमांचा, पण तो कळतो बोटांत. तर्जनी आणि मधलं बोट शिवणेवर ठेवल्यावर अंगठा खाली कुठे येतो त्यात. पुरुषांच्या चेंडूवर माझा अंगठा कडेला सरकतो आणि मनगट आपोआप आवळतं. महिलांच्या चेंडूवर तो बरोबर शिवणेच्या खाली येतो. एका क्लबात सरावाला आम्हा सगळ्या मुलींना वर्षभर पुरुषांचेच चेंडू दिले ("आहेत ते वापरा, जडावर सराव झाला की हलका सोपा जाईल"). सामन्यात हलका चेंडू हातात आला तेव्हा पहिली तीन षटकं सगळ्यांचे चेंडू भलतीकडेच पडत होते. हलका म्हणजे सोपा नव्हे हो, वेगळा.

इतर खेळांत ही वाटणी कशी केली आहे ते बघण्यासारखं आहे. हॅंडबॉलमध्ये पुरुषांचा ५८ ते ६० सेंमी आणि ४२५ ते ४७५ ग्रॅम, महिलांचा ५४ ते ५६ आणि ३२५ ते ३७५. एका हाताच्या पंजात धरून फेकायचा चेंडू, त्यामुळे आकार आणि वजन दोन्ही कमी केलं. बास्केटबॉलमध्येही तसंच, ७ नंबर आणि ६ नंबर. फुटबॉल आणि व्हॉलीबॉलला मात्र सगळ्यांना एकच चेंडू. आणि सगळ्यात मजेशीर वॉटर पोलो: पुरुषांचा परीघ ६८ ते ७१, महिलांचा ६५ ते ६७, पण वजन दोघांचंही ४०० ते ४५० ग्रॅमच! लहान केला, हलका नाही केला. पाण्यात एका हाताने उचलायचा असतो, तेव्हा पंजात मावणं महत्त्वाचं धरलं असणार.

लेगकटर

ताई, चूक मान्य. यापुढे दोन्ही आकडे देत जाईन.

चकवा

@उंटावरचा_शहाणा, गोळा हा चेंडू कधीपासून झाला? ज्याला टप्पा नाही, जो घरंगळवत नाहीत, टोलवत नाहीत, झेलत तर नाहीतच नाहीत, त्याला चेंडू म्हणायचं तर तोफगोळ्याला का नको?

उंटावरचा_शहाणा

गोल आहे, खेळात वापरतात, हाताने टाकतात. अजून काय हवं? आणि झेलण्याचं म्हणाल तर स्नूकरचा तरी कोण झेलतं?

चकवा

बरं, गोळा धरला तरी तुम्ही एकटे जिंकत नाही. बोलिंगचा चेंडू (तो दहा बाटल्या पाडायचा, क्रिकेटचा नव्हे) नियमाने जास्तीत जास्त १६ पौंड असू शकतो. १६ पौंड म्हणजे ७.२६ किलो. पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळाही १६ पौंडांचाच. बरोबरीत सुटला सामना. फक्त गोळा ११ ते १३ सेंमी व्यासाचा, बोलिंगचा चेंडू त्याच्या जवळपास दुप्पट.

आणि त्या बोलिंगच्या चेंडूचा परीघ किती? सुमारे ६८ सेंटिमीटर. टप्पेटोणप्यांच्या फुटबॉलची टेप परत वाचा. एकाच पिशवीत बसणारे दोन चेंडू, वजनात सोळा-सतरापट फरक. तुमच्या पुठ्ठ्याच्या भोकाला हे माझं उत्तर.

सव्वाशेर

अंधारात कुणी बोलिंगच्या चेंडूला किक मारली तर काय होईल, या विचारानेच अंगठा दुखला.

घनफळे

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. टप्पेटोणपे, तुमच्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर घनता हे आहे. वजन भागिले घनफळ. बसल्या बसल्या काढलं, सगळं ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, नियमातल्या मर्यादांचा साधारण मध्य धरून.

टेबल टेनिस ०.०८. फुटबॉल ०.०७८. पुन्हा वाचा. बोटांच्या चिमटीत मावणारा तो टिचभर चेंडू आणि लाथाडायचा तो फुटबॉल, दोघं घनतेने जुळे भाऊ आहेत! टेबल टेनिसचा चेंडू त्याच मालाचा समजून फुगवत फुगवत फुटबॉलएवढा केलात तर तो काट्यावर फुटबॉलएवढाच भरेल. बास्केटबॉलही त्यांच्याच पंगतीला, ०.०८१. वॉटर पोलोचा ०.०७५. या चौघांचे खेळ एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, आणि आकडे हे असे.

मग "सगळ्यात हलका" कोण? या मापाने टेबल टेनिसचा नव्हेच. व्हॉलीबॉल, ०.०५६.

दुसऱ्या टोकाला दाट मंडळी. टेनिस ०.३७ (पोकळ, पण रबर जाड). बेसबॉल ०.६९, स्क्वॉश ०.७२, हॉकी ०.७८, सीझन बॉल ०.८१. हे सगळे एकाच्या आत, म्हणजे पाण्यावर तरंगणारे. सीझन बॉल तरंगतो हे अनेकांना पटत नाही, बादलीत टाकून बघा. चार-पंचमांश बुडेल, वर थोडीशी टोपी राहील. गोल्फचा १.१३, हा बुडणार. तळ्याच्या तळाशी जे काही साठतं ते त्यामुळेच. लॅक्रॉसचा रबरी चेंडू १.०५, जेमतेम बुडणारा. पूलचा १.६७, स्नूकरचा पावणेदोनच्या पुढे. पेटांक या फ्रेंच खेळातली पोलादी बोल (फेकायचा गोळा) ७०.५ ते ८० मिमी आणि ६५० ते ८०० ग्रॅमची, ती पोकळ असूनही तीनच्या पुढे जाते. गोळाफेकीचा गोळा ८ च्या आसपास, तो म्हणजे लोखंडच.

बोलिंगच्या चेंडूचं तर फारच छान आहे. आकार सगळ्यांचा साधारण एकच, वजन ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे. साधारण साडेअकरा पौंडांच्या खालचा चेंडू पाण्यावर तरंगतो, वरचा बुडतो. दिसायला दोघे एकसारखे.

रिकामटेकडी

घनफळेकाकांना दंडवत. फुटबॉल आणि टेबल टेनिस जुळे हे आज दिवसभर डोक्यात फिरणार.

एक शंका: फुटबॉलमधली हवा वजनात धरायची का? हवा भरलेला चेंडू जास्त जड की हवा काढलेला? आमच्याकडे यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, हवा हलकी असते त्यामुळे भरल्यावर चेंडू हलका होतो.

टप्पेटोणपे

काटा अजून टेबलावरच आहे, त्यामुळे लगेच करून बघितलं. पंपाची सुई घालून हवा सोडली, पण चेंडूचा गोल आकार मोडणार नाही इतपतच. दाबला की अंगठा आत जातो असा मऊ. वजन ४२१. मग परत टणक भरला. ४२६. तीनदा केलं, दर वेळी पाच ग्रॅमचाच फरक. भरलेला जड. दुसऱ्या तटाला कळवा.

घनफळे

अगदी बरोबर आलंय. हवा लिटरला १.२ ग्रॅम. चेंडूत साडेपाच लिटर जागा. फुटबॉलच्या नियमात आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.६ ते १.१ वातावरणाने जास्त हवा; तुमचा ०.८ च्या आसपास असावा. ५.५ गुणिले १.२ गुणिले ०.८ म्हणजे सव्वापाच ग्रॅम. साध्या दाबाची जी हवा आत आधीपासून असते ती काट्याला दिसत नाही, कारण बाहेरची तेवढीच हवा चेंडूला वर उचलून धरते. काट्याला फक्त कोंबलेली जादा हवा दिसते.

दाबावरून आठवलं. व्हॉलीबॉल आणि बीच व्हॉलीबॉल, वजन दोन्हीचं २६० ते २८० ग्रॅम, बीचचा परीघ एखादाच सेंटिमीटर जास्त. खरा फरक हवेत: आतल्या मैदानावरचा ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंमी, वाळूवरचा ०.१७५ ते ०.२२५. नुसतं मोजमाप वाचून हे दोन चेंडू ओळखता येणार नाहीत, हातावर घेतले की लगेच येतात.

अर्धवट_इंजिनियर

काकांची घनता छान, पण माझ्या मते ती अर्धीच गोष्ट सांगते. तरंगेल की बुडेल हे कळतं. हवेत कसा जाईल हे कळत नाही. घनतेने जुळे असलेले फुटबॉल आणि टेबल टेनिसचा चेंडू एकाच वेगाने भिरकावून बघा. फुटबॉल कुठल्या कुठे जाईल, दुसरा चार पावलांवर मान टाकेल.

हवा अडवते ती चेंडूच्या समोरच्या तोंडाला, म्हणजे समोरून दिसणाऱ्या वर्तुळाला. आणि हवेला रेटत पुढे जायला चेंडूकडे असतं त्याचं वजन. तेव्हा बघायचं ते हे, की त्या वर्तुळाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम उभे आहेत. काढा: टेबल टेनिस ०.२, व्हॉलीबॉल ०.८, फुटबॉल १.१, बास्केटबॉल १.३, टेनिस १.६, स्क्वॉश १.९, गोल्फ ३.२, बेसबॉल ३.४, सीझन बॉल ३.९. गोळाफेकीचा गोळा साठाच्या पुढे, त्याला हवा आहे की नाही याची फिकीरच नाही.

आता ही रांग डोळ्यांपुढे आणून बघा. कुठला चेंडू किती पटकन दम सोडतो ते बरोबर या क्रमाने लागतं. सीमारेषेवरून फेकलेला सीझन बॉल थेट यष्टिरक्षकाच्या हातात, तोच टेनिस बॉल फेकला की अर्ध्या वाटेत खाली. व्हॉलीबॉलची सर्व्हिस जाळ्यापलीकडे गेल्यावर अचानक गळून पडते ती उगाच नाही. (पृष्ठभागाचाही हिशेब असतो. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हवेचा अडथळा कमी करतात, टेनिसच्या चेंडूवरची लव तो वाढवते. पण मूळ क्रम या आकड्यांनी लागतो.)

आणि नियम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांनी वेळोवेळी केलेले बदल बघा.

टेबल टेनिसचा चेंडू २००० सालापर्यंत ३८ मिमी आणि २.५ ग्रॅम होता. सिडनी ऑलिंपिकनंतर तो ४० मिमी, २.७ ग्रॅम झाला. वजन ८ टक्क्यांनी वाढलं, तोंडाचं क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी. म्हणजे चेंडू जड करूनसुद्धा संथ केला! फिरकी आणि वेग इतका झाला होता की बघणाऱ्याला चेंडू दिसेना. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन दुसरं प्लॅस्टिक आलं, ती आणखी वेगळी रड.

टेनिसमध्येही तीच युक्ती केलेली आहे. जलद मैदानांसाठी ७ ते ७.३ सेंमीचा मोठा चेंडू नियमांत आहे, वजन नेहमीचंच. तोंड मोठं, वजन तेच, चेंडू संथ.

गोल्फचं उलट. तिथे वजनाला फक्त वरची मर्यादा आहे (४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको) आणि आकाराला फक्त खालची (४२.६७ मिमीपेक्षा कमी नको). हलका आणि भलामोठा चेंडू घेऊन या, कुणी अडवणार नाही! कारण सगळे धावणार दुसऱ्या दिशेला, लहान आणि जड, जो वाऱ्यात भोसकत जातो. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं १.६२ इंचाचा लहान चेंडू चालायचा, अमेरिकेत १.६८. वजन दोन्हीकडे १.६२ औंस. लहान चेंडू लांब जायचा. १९७४ पासून ब्रिटिश ओपन स्पर्धेत मोठा सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान कायमचा बाद.

मधली_फळी

हे पटलं. आमच्या हलक्या चेंडूचंही असंच काढलं: १४५ ग्रॅम आणि परीघ पावणेबावीस धरला तर ३.८५ येतात. म्हणजे पुरुषांच्या चेंडूच्या जवळपास तेवढेच! वजनाबरोबर आकारही कमी केला म्हणून. वॉटर पोलोच्या महिलांचा तर पुरुषांपेक्षा जास्त भरेल.

अर्धवट_इंजिनियर

बरोबर, भरतो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. +१

लेगकटर

फुटबॉलमध्ये चेंडूच्या मापावरून झालेली सगळ्यात प्रसिद्ध भानगड १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली. उरुग्वे आणि अर्जेंटिना, चेंडू कुणाचा यावर एकमत होईना. शेवटी पहिला अर्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे, शेवटी उरुग्वे ४-२. चेंडूमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण दोन्ही वेळा ज्याचा चेंडू त्याचं पारडं जड.

फुटबॉलचं अधिकृत वजनही तेव्हा कमी होतं, १३ ते १५ औंस. १९३७ मध्ये ते १४ ते १६ केलं. आणि हे सगळं कोरड्या चेंडूचं! चामड्याचा चेंडू ओल्या मैदानावर पाणी पीत जायचा, त्यामुळे पूर्वार्धातला आणि उत्तरार्धातला चेंडू एकच नसायचा. आता चेंडू किती पाणी शोषतो याचीही चाचणी होते.

भिरभिरे

गोल चेंडूंच्या गर्दीत रग्बीला विसरलात. २८ ते ३० सेंमी लांब, ४१० ते ४६० ग्रॅम. वजन फुटबॉलचंच, फक्त गोलाई बिघडलेली.

सेपाक टकराचा (जाळ्यावरून पायाने खेळायचा खेळ) विणलेला चेंडू बघितलाय का कुणी? बारा भोकं, परीघ बेचाळीसच्या आसपास. त्याची घनता काढताना भोकं धरायची की नाही, काका?

सगळ्यात मोठा किन-बॉलचा असावा. व्यास १.२२ मीटर आणि वजन फक्त किलोभर. आणि अंधांच्या गोलबॉलचा चेंडू बास्केटबॉलएवढा, पण सव्वा किलोचा, दुपटीहून जड. आत घुंगरं असतात आणि आवाज बाहेर यावा म्हणून वर भोकं. जमिनीवरून घरंगळत यायला हवा, उसळायला नको, म्हणून हे वजन. अंगावर झेलतात हो तो, आडवे पडून.

घनफळे

भोकं असलेल्याला घनता विचारणं म्हणजे चाळणीला पाणी विचारणं. माझा पास.

चकवा

स्नूकरबद्दल एक राहिलं. तिथे चेंडूचं वजन किती हवं हे नियमांत लिहिलेलंच नाही! व्यास ५२.५ मिमी, त्यात फरक फक्त ०.०५ चा चालतो, आणि संचातले सगळे चेंडू एकमेकांशी ३ ग्रॅमच्या आत जुळले की झालं. विचार केला तर बरोबरच आहे. चेंडूने चेंडूला मारायचं, तेव्हा प्रत्यक्ष वजनाला महत्त्व नाही, सारखेपणाला आहे. नाणं टाकून खेळायच्या जुन्या पूल टेबलांवर पांढरा चेंडू मुद्दाम किंचित मोठा किंवा जड ठेवत, म्हणजे यंत्र तो वेगळा काढून परत देई. त्याच्यावर खेळलेल्यांना विचारा, तो चेंडू धडकल्यावर थांबायच्या जागी थांबतच नाही.

सव्वाशेर

आणि स्क्वॉशचा? तिथे तर खेळाआधी चेंडू गरम करतात.

टप्पेटोणपे

हो, त्याची उसळी २३ आणि ४५ अंश अशा दोन तापमानांना तपासतात. पिवळे दोन ठिपके असलेला आमचा चेंडू थंड असताना छातीएवढ्या उंचीवरून सोडला तर घोट्याच्या वर येत नाही. कोमट पाण्यात ठेवून परत सोडला, जरा बरा उसळला. वजन तेच, आकार तोच.

बादलीचाही प्रयोग केला. सीझन बॉल तरंगला, काकांनी सांगितल्याप्रमाणे टोपी वर ठेवून. उसवलेल्या शिवणेतून बुडबुडे यायला लागले तसा घाईने बाहेर काढला. हॉकीचाही तरंगला. गोल्फचा टुपकन तळाशी.

मग वाटलं, १.१३ म्हणजे पाणी थोडं जड केलं तर वर येईल. एका बरणीत लिटरभर पाणी घेऊन चमच्याने मीठ टाकत गेलो. दीडशे ग्रॅमपर्यंत चेंडू हलला नाही. दोनशेच्या जरा पुढे गेल्यावर तळ सोडून अधांतरी आला आणि आणखी दोन चमच्यांनी वर. बोटाने फिरवला तर डुलत डुलत परत तीच बाजू वर. दुसऱ्या अंगाने ठेवला, तरी तीच. दहा वेळा केलं. म्हणजे चेंडू एका अंगाला जड आहे. पेनने वरच्या बाजूला ठिपका काढलाय, आणि खोक्यातले उरलेले चार गोल्फचे चेंडू आता ओळीने बरणीशेजारी ठेवलेत.